गाडी बदलायचं गाव

कुर्डुवाडीला नुसतं कुर्डुवाडीसाठी उतरलेला माणूस मला फारसा भेटलेला नाही. कुणी पंढरपूरला निघालेला, कुणी बार्शीला, कुणी लातूरला, कुणी सांगोल्यावरून पुढं मिरजेला. इथं यायचं ते गाडी बदलायला. या एका कामावर गावानं जवळजवळ शतकभर संसार केला. मोठ्या गाडीतून उतरलेलं बिऱ्हाड छोट्या गाडीची वाट बघत फलाटावर पथारी टाकायचं. मग चहा लागायचा, पोराला भजी लागायची, म्हातारीला मोरी कुठं ते विचारावं लागायचं, आणि रात्र झालीच तर लॉजवर खोली घ्यावी लागायची. मालाचंही तेच. छोट्या डब्यातलं पोतं आपोआप मोठ्या वाघिणीत जाऊन बसत नाही, त्याला हमालाची पाठ लागते. नॅरोगेजचं, म्हणजे अरुंद रुळांवरच्या त्या छोट्या गाडीचं, वर्कशॉप होतं, त्यातल्या फिटरांची घरं होती, त्या घरांना उधारीवर माल देणारी दुकानं होती. गावाची सगळी घडी दुसऱ्यांच्या खोळंब्यावर बसलेली.

हा खोळंबा कसा जन्मला तेही बघण्यासारखं आहे. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ पुण्याहून सरकत सरकत १८६० मध्ये सोलापूरला पोचला, पण वाटेत बार्शीला गेला नाही. बार्शी मोठी पेठ. बालाघाटापलीकडचा, म्हणजे निजामाच्या मुलखातला कापूस, गळीत आणि धान्य उतरायचं ते बार्शीत. रेल्वे तिथून तीसेक किलोमीटर लांबून निघून गेली आणि जवळच्या स्टेशनाला नाव मिळालं बार्शी रोड. तेच आजचं कुर्डुवाडी. बार्शीचा माल बैलगाड्यांतून बार्शी रोडला यायचा. पावसाळ्यात काळ्या रानातल्या वाटेनं भरल्या गाड्यांचं काय होत असेल, ते ज्यानं चाकाला खांदा दिलाय त्यालाच ठाऊक.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं हे अंतर हेरलं. त्याचा हिशोब साधा होता. मोठ्या रेल्वेला लागतो तेवढा पैसा या भागात कुणी घालणार नाही, तेव्हा रेल्वेच लहान करू. रुळांमधलं अंतर अडीच फूट. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, म्हणजे रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात आणि खर्च आवाक्यात राहतो. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. पुढं १९०६ मध्ये ती पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. १ जानेवारी १९५४ ला सरकारनं ती विकत घेतली. (हाच कॅलथ्रॉप पुढं पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी पॅराशूट बनवण्याच्या मागं लागला होता. माणसांना जमिनीवर सुखरूप टेकवायचं एवढंच त्याला आयुष्यभर हवं असावं.)

आता तिथं नॅरोगेज नाही. साधारण दहा वर्षांत, टप्प्याटप्प्यानं, सगळा मार्ग रुंद झाला. लातूरचा माणूस रात्री गाडीत बसतो, चादर अंगावर घेतो आणि सकाळी मुंबईत उतरतो. कुर्डुवाडी त्याच्या झोपेत येते आणि जाते.

मी धंद्यानं हिशोबतपासनीस. पतसंस्थांच्या ऑडिटच्या निमित्तानं बरीच वर्षं तालुक्याच्या गावांतून हिंडतो आहे आणि या हिंडण्यातून एक मत पक्कं होत गेलं आहे. लहान गावाची कमाई दुसऱ्याच्या थांबण्यावर असते आणि रस्त्यात किंवा रुळांत होणारी प्रत्येक सुधारणा असा एखादा थांबा काढून घेते. गेज रुंद झालं, गाडी बदलणं संपलं. बायपास झाला, चहा संपला. कुणाची चूक नसते. ज्या गावाचं पोट खोळंब्यावर, त्याच गावातला माणूस मुंबईला निघाला की पहिला प्रश्न विचारतो, ‘थेट गाडी आहे का?’

यावर कुणी मला जुन्या गाडीचे गोडवे गायला सांगितलं, तर माझी जीभ अडखळते, आणि त्याला कारण लातूर आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला प्यायला पाणी उरलं नव्हतं. मिरजेला टाक्यांच्या वाघिणी भरल्या आणि १२ एप्रिलला पहिली पाण्याची गाडी लातूरला पोचली. दहा टाक्या, पाच लाख लिटर. नंतर पन्नास-पन्नास टाक्यांच्या गाड्या येऊ लागल्या. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर अशी ३४२ किलोमीटरची ती वाट म्हणजे कॅलथ्रॉपच्याच कंपनीची वाट, फक्त रूळ रुंद झालेले. अडीच फुटी रुळांवरून तेवढं पाणी तेवढ्या दिवसांत येणं शक्य नव्हतं. तेव्हा कुर्डुवाडीच्या चहावाल्यानं गमावलं ते लातूरच्या नळाला मिळालं असं कुणी म्हटलं, तर मी वाद घालणार नाही.

त्याच लातूरनं पुढच्या वर्षी वेगळं आंदोलन केलं. मुंबईची गाडी लातूरहून सुटायची, ती पुढं बिदरपर्यंत वाढवली. लातूरकर रस्त्यावर आले. बाहेरच्याला वाटेल, गाडी पुढच्या गावाला गेली तर बिघडलं काय? बिघडतं. जिथून गाडी सुटते तिथं रिकामी गाडी मिळते, सामान लावायला अर्धा तास मिळतो, जनरलच्या डब्यात खिडकी मिळते. तीच गाडी मागून भरून आली की तुम्ही दारात उभे. ज्यांच्या गावाहून गाडी सुटते आणि ज्यांच्या गावावरून नुसती जाते, त्यांच्या प्रवासात असा फरक असतो.

रूळ कुणाच्या दारावरून जावेत हे गावांनी ठरवलेलं नाही. चढ किती, नदी कुठं ओलांडायची, पूल केवढ्याला पडेल, कापूस कुठं आणि बंदर कुठं, यावर ते ठरलं. शिवाय वाफेच्या इंजिनाला तहान फार. ठरावीक अंतरावर पाणी घ्यायचं, कोळसा घ्यायचा, इंजिन बदलायचं, ड्रायव्हर-फायरमनला विसावा द्यायचा. यातून भुसावळ, मनमाड आणि दौंडसारखी गावं रेल्वेची झाली. दौंडला तर पुण्याहून येऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं. तेवढ्यात प्रवासी खाली उतरून पाय मोकळे करायचे, बाटली भरून घ्यायचे. आता बाहेरच्या बाहेर वळण घेणारी कॉर्ड लाइन झाली आहे आणि तिच्यावर वेगळं स्टेशन आहे. तिथून गेलेल्या गाडीला दौंडात शिरावंच लागत नाही.

कधीकधी मात्र लांबून गेलेल्या रुळानंही एखादी जागा घडवली. सांगली जिल्ह्यात कुंडल गावापासून दूर, माळावर, कुंडल रोड नावाचं स्टेशन होतं. भोवती निवडुंग आणि दगड. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजांच्या मदतीनं तिथं कारखाना थाटला. लोखंड आणायला आणि नांगर पाठवायला दारात रेल्वे, हा त्या ओसाड माळाचा एकमेव गुण. पुढं स्टेशनचंच नाव किर्लोस्करवाडी झालं. असा योग सगळ्यांना येत नाही. अशी बाकीची बहुतेक स्टेशनं अजून माळावरच आहेत, आणि कोकण रेल्वेवरच्या राजापूर रोडला उतरून राजापूर गाठायचं म्हणजे गाडीतून उतरल्यावर खरा प्रवास सुरू होतो.

विदर्भात गोष्ट उलटी. तिथं रूळ कापसाच्या मागं मागं गेले. अमेरिकेतल्या यादवीमुळं १८६१ ते १८६५ या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे इंग्रजांचं लक्ष लागलं. १८६७ पर्यंत रूळ नागपूरला पोचले. खामगावची कापसाची पेठ मुख्य मार्गापासून जेमतेम १३ किलोमीटर, तर तेवढ्यासाठी जलंबहून वेगळा फाटा टाकला आणि १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले. तेरा किलोमीटरच्या रेल्वेला व्हाइसरॉय! यावरून कापसाची किंमत कळावी. त्याच खामगावहून जालन्याला जाणाऱ्या मार्गाची मागणी पिढ्यान् पिढ्या चालू आहे. तिथं माणसंच जाणार-येणार असल्यामुळं घाई नसावी.

कापसानंच शकुंतला नावाची गाडीही आणली. मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळ, ११३ किलोमीटर, आणि दुसरीकडे अचलपूर, ७६ किलोमीटर. हीसुद्धा अडीच फुटी. देश स्वतंत्र झाला, सगळ्या रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी या रुळांची मालकी कागदोपत्री एका खाजगी कंपनीकडेच राहिली आणि गाडी चालवायचं काम मात्र रेल्वेकडे. १९२१ मध्ये मँचेस्टरात बनलेल्या वाफेच्या इंजिनानं ही गाडी १९९४ पर्यंत ओढली, मग डिझेल आलं. अचलपूरचे ७६ किलोमीटर कापायला साधारण चार तास. बहुतेक स्टेशनांवर माणूस नसल्यामुळं गाडीबरोबरचा गार्डच तिकीट द्यायचा, सिग्नलचं बघायचा आणि पुन्हा आपल्या डब्यात जाऊन बसायचा.

या गाडीबद्दल वर्तमानपत्रांत फार हळवं लिहिलं गेलं आहे. मी तिकडच्या एका पतसंस्थेत गेलो असताना झाडलोट करणाऱ्या मावशींना सहज विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, ‘वेळेवर कधी आली नाही जी ते. पन तिच्या मांगं धावाची पाळीबी कधी आली नाही.’ मग थोडं थांबून त्यांनी खरी गोष्ट सांगितली. माहेरी जायचं तर बसचं भाडं नवऱ्याकडं मागावं लागायचं. शकुंतलेचं भाडं आठवड्याच्या मजुरीतून बाजूला काढता यायचं. म्हणजे त्या गाडीमुळं त्यांना न विचारता माहेरी जाता येत होतं. मंद गाडी, जुनं इंजिन, सागाची झाडं वगैरे मजकूर वाचताना आता मला मावशींचं हे वाक्य आठवतं आणि बाकीचं फिकं वाटतं.

जळगाव जिल्ह्यातली पाचोरा-जामनेर, लोकांच्या बोलण्यातली पीजे, तशीच. ५६ किलोमीटर, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा. मार्च २०२० मध्ये सगळ्या गाड्या बंद पडल्या त्यात तीही थांबली आणि मग रूळ रुंद करायचं ठरलं. रुंद रुळांवरून उद्या जी गाडी जाईल ती भागदऱ्याला थांबेल की नाही, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे.

थांबण्याचा खर्च असतो, हे मान्य. वेळापत्रकात थांबा दोन मिनिटांचा दिसतो, पण लांब गाडीचा वेग उतरवायचा, पुन्हा चढवायचा, हे धरलं तर त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. एकेरी मार्गावर तर एका गाडीचा उशीर समोरून येणाऱ्या चार गाड्यांच्या अंगावर येतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. एका लहान स्टेशनावर, नाव सांगत नाही, पॅसेंजरमध्ये बसून मी क्रॉसिंग, म्हणजे दुसऱ्या गाडीला वाट देण्यासाठी एकीनं बाजूला थांबणं, बघितलं आहे.

गाडी थांबली. लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेतली होती, म्हणजे आता पुढच्या दोन-तीन एक्स्प्रेस जाईपर्यंत आपली सुटका नाही, हे रोजच्या लोकांनी लगेच ओळखलं आणि पत्त्यांचा डाव पसरला. मी उतरून स्टेशन मास्तरच्या खोलीकडे गेलो. दार उघडंच होतं. आत भिंतीला लागून लाल रंगाचं लोखंडी यंत्र, पेटीएवढं, वर घंटी, बाजूला फोन. मास्तरांनी पुढच्या स्टेशनला घंटीच्या ठोक्यांनी विचारलं, तिकडून ठोके आले, फोनवर नंबरांची देवाणघेवाण झाली, रजिस्टरात नोंद झाली. मग त्यांनी यंत्राचा दांडा फिरवला आणि खालच्या तोंडातून लोखंडाचा गोळा हातात पडला. मुठीत मावेल एवढा, त्यावर स्टेशनांची नावं कोरलेली. हा टोकन. दोन्ही स्टेशनांतली यंत्रं तारेनं एकमेकांत अशी गुंतवलेली असतात की त्या टप्प्यासाठी एका वेळी एकच गोळा बाहेर निघू शकतो, आणि गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हरनं पुढं जायचं नाही. त्यामुळं दोन गाड्या समोरासमोर येण्याची शक्यताच उरत नाही. चामडी पिशवीत गोळा घातला, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेली, आणि पॉइंट्समन ते कडं उंच धरून फलाटाच्या टोकाला उभा राहिला. एक्स्प्रेस वेग थोडा कमी करून धडधडत आली, इंजिनातल्या माणसानं हात बाहेर काढून कडं दंडात अडकवलं, आधीचं कडं खाली फेकलं आणि डबे निघून गेले. मला धुरळा आणि एसी डब्याच्या काळ्या काचा तेवढ्या दिसल्या.

मास्तर रजिस्टर मिटत म्हणाले, ‘आता अजून एक, मग तुमची.’ मग सावकाश हसले, ‘तुमच्या नशिबात असली तर.’

क्रॉसिंगला बाजूला काढलेली पॅसेंजर म्हणजे श्रीमंताच्या लग्नात खांबाशी उभा केलेला गरीब नातेवाईक. पंगत त्याचीही बसते, पण सगळ्यांची उठल्यावर. आता बहुतेक ठिकाणी गोळे गेले, रंगीत दिव्यांचे सिग्नल आले. क्रम मात्र तोच. करोनानंतर तर अशा कितीतरी पॅसेंजर परत आल्या त्या एक्स्प्रेस स्पेशल म्हणून, त्याच डब्यांच्या, त्याच वेगाच्या, फक्त भाडं एक्स्प्रेसचं. दहा रुपयांच्या किमान तिकिटाचे तीस झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा दहावर आलं. मधल्या काळात रोज दोन वेळा वीस-वीस रुपये जास्त मोजणं कुणाला परवडलं आणि कुणी कॉलेज सोडलं, हे कुठल्या रजिस्टरात नसणार.

रेल्वेनं जसं लांबच्या गावाच्या नावाचं स्टेशन माळावर उभं केलं, तसं महामार्गानं फाटा उभा केला. गाव आत चार किलोमीटर आणि नाव मिरवतो फाटा. सुरुवातीला एक लिंबाचं झाड आणि पान टपरी. मग पंक्चरवाला, मग वडापाव, मग कीटकनाशकाचं दुकान, मग एटीएम. काही फाटे पुढं गावापेक्षा मोठे होतात. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर रस्ते जिथं एकमेकांना छेदतात तो आळेफाटा घ्या. आळे गाव माहीत नसलेल्या माणसालाही आळेफाटा माहीत असतो. कोकणात याला तिठा म्हणतात, हातखंब्याचा तिठा म्हणा की अर्ध्या जिल्ह्याची वाट सांगून होते. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी धावली. तेव्हापासून फाट्यांची वाढ झाली ती मुख्यतः एसटीच्या थांब्यानं. हात केला की बस थांबायची, हे त्या सगळ्या भरभराटीचं मूळ.

बायपास झाल्यावर काय होतं ते मला कर्जखात्यांत दिसतं. पतसंस्थेचं कर्जाचं रजिस्टर नीट वाचलं तर बायपास कोणत्या वर्षी सुरू झाला हे न विचारता सांगता येतं. स्टँडसमोरच्या गाळ्यांवर दिलेली कर्जं आधी वर्षानुवर्षं नियमित असतात. हॉटेल, रसवंती, मोबाइल दुरुस्ती, बूट-चपला. मग एका मार्चअखेरीला त्यांतल्या दोन-तीन खात्यांचे हप्ते पुढं-मागं होतात. पुढच्या वर्षी ‘नूतनीकरण’ असा शेरा येतो, म्हणजे जुनं कर्ज नव्या कागदावर. त्याच्या पुढच्या वर्षी थकबाकी, मग जामीनदाराला नोटीस. आणि त्याच पानांवर, त्याच सुमाराला, नवी कर्जं उगवतात. तारण: बिगरशेती केलेला प्लॉट, बायपासलगत. उद्देश: ढाबा, वजनकाटा, रोपवाटिका, मंगल कार्यालय. मंगल कार्यालय हमखास, कारण गाड्या लावायला जागा फक्त तिथं असते.

वरवर बघितलं तर धंदा एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी बसला, बाकी काही नाही. संचालक मंडळ मला असंच समजावतं. पण आडनावं वाचली की गोम कळते. स्टँडसमोर भाड्याच्या गाळ्यात चहा विकणाऱ्याची बायपासला जमीन नसते. जमीन ज्याची, त्याला आधी भूसंपादनाचा मोबदला मिळतो, २०१३ च्या कायद्यानंतर तर चांगलाच मिळतो, आणि उरलेल्या तुकड्यावर तो ढाबा टाकतो. त्याची ठेव आणि चहावाल्याची थकबाकी एकाच संस्थेच्या ताळेबंदात शेजारी-शेजारी येतात. संस्था फायद्यात दिसते. मीही ‘अ’ वर्ग देऊन सही करून येतो.

रस्ता गावाबाहेर काढला याचं मला वाईट वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. गावातून जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला ज्यांची शाळा होती, त्या बाईंना विचारा. मधली सुट्टी संपली की त्या आणि शिपाई रस्त्याच्या दोन बाजूंना हात पसरून उभ्या राहायच्या आणि ऊस भरलेले ट्रक थांबवून पोरं पार करायच्या. बायपास झाल्या दिवशी त्यांनी पेढे वाटले होते. माझी तक्रार पुढची आहे. बायपासला गावाकडे वळायची जागा ठेवतात, पण गाड्यांना वळायचं कारण ठेवत नाहीत. लांब पल्ल्याच्या बसला वेळ गाठायची असते. रात्री अकराला कंडक्टर ओरडतो, ‘काका, गावात जाणार नाही, पुलाखाली उतरा.’ पुलाखाली दिवा नसतो. रिक्षा नसते. हातातल्या मोबाइलच्या उजेडात दोन किलोमीटर चालायचं आणि कुत्री भुंकू लागली की गाव आलं समजायचं. पुरुषाला हे जमतं. परीक्षेहून परतणाऱ्या मुलीला घ्यायला बापाला मोटारसायकल काढून येऊन थांबावं लागतं, आणि ज्या घरात मोटारसायकल किंवा बाप यांपैकी एक नाही, ती मुलगी अर्जच भरत नाही.

समृद्धी महामार्ग या सगळ्याचं शेवटचं टोक. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे, ३९२ गावं. डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंत खुला झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण. मी त्यावरून गेलो आहे आणि खोटं कशाला बोला, मजा येते. औषधाची गाडी, रुग्णवाहिका आणि संत्र्याचा ट्रक यांना त्याचा उपयोग आहेच. पण हा रस्ता दोन्ही बाजूंनी बंद. चढायचं-उतरायचं ते ठरलेल्या जागीच. दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टर यांना मनाई. वेगाच्या रस्त्यावर ती बरोबरच आहे, ट्रॅक्टरची ट्रॉली तिथं आली तर माणसं मरतील. एवढंच की, ज्याच्या वावरातून रस्ता गेला त्या शेतकऱ्याकडे असतं ते मोटारसायकल आणि ट्रॅक्टर. तो खालच्या बोगद्यातून पलीकडच्या वावरात जातो आणि डोक्यावरून गाड्या जाताना ऐकतो. त्या ३९२ गावांत रस्ता आला, असं सरकारी भाषेत म्हणतात. गावांना विचारलं तर ती म्हणतात, रस्ता गेला.

बीड जिल्ह्याच्या ठिकाणाला रेल्वे नव्हती. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये गाडी आष्टीपर्यंत आली आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला. तीस वर्षं. मंजुरीच्या वेळी पाळण्यात असलेल्या पोराचं लग्न होऊन त्याची पोरं गाडी बघायला आली असतील. गाडी डिझेलवरची डेमू आहे आणि नगरला पोचायला एसटीपेक्षा जास्त वेळ घेते. यावर समाजमाध्यमांत पुष्कळ विनोद झाले. विनोद करणारे बहुतेक पुण्यात राहणारे बीडकर होते, त्यांना पुण्याची थेट गाडी हवी आहे, आणि तीही व्हायलाच हवी.

मी मात्र थांबे वाचत बसलो. राजुरी, विघनवाडी, अंमळनेर, आष्टी, कडा. यांतल्या काही गावांना रेल्वेच्या नकाशावर पहिल्यांदाच ठिपका मिळाला. हळू गाडीचा अर्थ तिथं वेगळा लागतो. गाडी हळू जाते कारण ती या लोकांसाठी उभी राहते, आणि तिनं उभं राहू नये असं म्हणणारा त्या यादीतल्या एकाही गावचा नसेल.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला याच जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता अशी मोजणी, मुकादमाची उचल अंगावर, आणि ट्रकच्या किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, ताडपत्री, शेळी, लेकरं. रेल्वे आली म्हणून ही टोळी रेल्वेनं जाणार नाही. मुकादमाची गाडी वस्तीच्या दारात येते आणि फडाच्या कडेला नेऊन सोडते. बैल असले तर तेही घेते. डेमू शेळीला घेणार नाही आणि फडापर्यंत जाणार नाही. तिचा उपयोग असलाच तर त्यांच्या मागं गावात राहिलेल्यांना. आजीला डोळ्याच्या तपासणीला नगरला न्यायचं असतं, मोठ्या पोरीला आयटीआय करायचं असतं, कुणाची जमिनीच्या वादाची तारीख असते. यांतल्या एकालाही ताशी शंभरचा वेग नको आहे. पहाटे गावातून निघणारी आणि दिवस मावळायच्या आत परत आणणारी गाडी पाहिजे, पास महिन्याच्या खर्चात बसला पाहिजे आणि स्टेशनच्या बाहेर गावापर्यंत नेणारी एखादी वडाप तरी उभी पाहिजे. पुढच्या महिन्यात मला त्या बाजूला एका संस्थेचं काम आहे. तिथल्या मॅनेजरांना सांगून ठेवलं आहे, ‘बसनं येणार नाही, डेमूनं येतो.’ ते म्हणाले, ‘साहेब, मग ऑडिट दोन दिवसांचं धरू.’